हाकामारी

हौसामावशी कुणालाही दोनदा हाक मारत नसे. एकदाच मारायची, सपाट आवाजात, गळा न ताणता. त्या हाकेला ओ आली नाही तर तिचा चेहरा पांढराफटक पडे आणि हातातलं काम टाकून ती माणूस शोधायला निघे. मी मूळची दौंडची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शिरूर तालुक्यातल्या घोडनदीकाठच्या त्या गावात शिक्षिका म्हणून गेले आणि तिच्याच घरी भाड्यानं राहिले. पहिल्याच आठवड्यात न्हाणीत असताना ओ द्यायला मी जरा उशीर केला, तर तिनं दाराची कडीच उखडली.

आमच्या भागात खरं तर उलटं शिकवतात. एकटं असताना कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना गप्प राहायचं आणि तिसरीला ओ द्यायची; जे माणूस नसतं ते तिसरी हाक मारत नाही म्हणे. मावशीनंही आपल्या पोराला, म्हादूला हेच शिकवलं होतं. म्हादू वाळूच्या बिळात कामाला होता. नदीतली वरची वाळू ट्रकांनी केव्हाच नेली होती, उरलेली काठाच्या मातीखाली होती. ती काढायला दरडीत आडवी बिळं खणायची, आणि मोठी माणसं मावत नाहीत म्हणून आत पोरं सोडायची. एका दुपारी मावशीला दरडीवर भेग दिसली.

"हाक मारली," तांदूळ निवडता निवडता तिनं मला सांगितलं. "दुसरी मारली. पोरगं आत तिसरीची वाट बघत बसलं. मीच शिकवलं व्हतं नव्हं? तिसरी तोंडातच राह्यली, बाई. दरड बसली."

ती रडली नाही. खडा तेवढा बाजूला टाकला.

तेव्हापासून ती रोज सकाळी काठानं फिरायची. बिळाच्या तोंडाशी वाकून एकेका पोराला नावानं हाक मारायची, "भाईर ये, साळंत चल." सगळ्यांत शेवटी म्हादूला. मग थांबायची. एकदा मी सोबत होते आणि दरडीकडून बारीकशी ओ आल्यासारखी वाटली. अंगावर सर्रकन काटा आला, पण शिकवण्याची खोड जात नाही. "मावशी, तो प्रतिध्वनी," मी म्हटलं. "आपलाच आवाज परत येतो."

"माझा आवाज परत आला तर 'म्हादू' म्हनंल," ती म्हणाली. "ओ कशी दील?"

मला त्या क्षणी फक्त घरी जावंसं वाटत होतं.

गाव तिला हाकामारी म्हणू लागलं. दारोदार नावं घेत फिरणारी, जिला ओ दिली की माणूस दगावतं, ती हाकामारी. हौसा बोलावील तर ओ देऊ नका, असं आयांनी पोरांना बजावलं. पोरं बिळात आणखी आत सरकून बसू लागली. मला त्या आयांचा संताप यायचा. मावशीला नाही आला. मारुतीच्या देवळापुढं बायका जमलेल्या असताना ती म्हणाली, "माझ्या हाकंला पोरांनी ओ न्हाई दिली तरी चालंल. तुमच्या हाकंला देत्यात का, तेवढं बघू या."

भर दुपारी सगळ्याजणी काठावर गेल्या. प्रत्येकीनं आपल्या लेकराचं नाव घेतलं. खाली बिळांची काळी तोंडं उघडी होती आणि एकातूनही आवाज आला नाही. पोरं आत होती, धडधाकट होती, शिकवल्याप्रमाणे गप्प बसली होती. आयांना हे ठाऊक होतं, तरी त्या दरडीवरून खाली उतरू लागल्या. सुनीच्या आईला, शेवंताला, दुसरी हाक मारवलीच नाही. ती रांगत बिळात शिरली आणि पाय धरून सुनीला ओढून बाहेर काढलं.

पुढचं सगळं बायकांनीच ठरवलं. बिळात कुणाचंही पोर जाणार नाही. दोघीदोघी पाळीनं काठावर बसू लागल्या. देवळात बालवाडी भरू लागली. मागं पडलेल्या पोरांना मी शाळा सुटल्यावर शिकवायचे. वाळूचा ठेकेदार ट्रकमधून उतरून म्हणाला, "ह्ये नाटक कुनी लावलं?"

"समद्यांनी," शेवंता म्हणाली.

आणि पोरांना आता मावशीचाच नियम होता: एका हाकेला ओ.

पाऊसकाळ सरला होता. एक दिवस मधल्या सुट्टीनंतर वर्ग भरला आणि नदीकडून धपकन आवाज आला. पायांखालची फरशी हलली. आया धावल्या त्या शाळेकडे. खिडक्यांचे गज धरून उभ्या राहिल्या. मी हजेरी घ्यायला लागले. एकेक 'हजर' आलं की एकेक हात गज सोडायचा. सुनीच्या नावाला कुणी बोललं नाही.

शेवंताचे हात गजावरच राहिले. दारात उभी असलेली मावशी नदीकडे निघाली, मी तिच्या मागं. दरड सगळी खाली आली होती आणि धुरळा अजून उडत होता. मावशी म्हणाली, "सुने."

"ओ."

धुरळ्यातून सुनी आली, केसांपासून पायांपर्यंत मातीनं माखलेली. बिळात राहिलेली वाळूची चाळणी आणायला ती मधल्या सुट्टीत, काठावरच्या दोघींची नजर चुकवून गेली होती.

"पार आत व्हते," ती म्हणाली. "भाईरनं एका पोरानं हाक मारली. एकदाच. मी लगीच ओ दिली आन् निघाले. बघती तर कुनीच न्हाई. आन् मागं दरड बसली."

गावातली बाकी सगळी पोरं त्या वेळी माझ्यासमोर वर्गात बसलेली होती.

आवाज कसा होता, मावशीनं विचारलं नाही. पदरानं सुनीचं तोंड पुसलं आणि तिचा हात माझ्या हातात दिला. मग दरडीकडे तोंड करून, शेजारी बसलेल्याशी बोलावं तितक्या हळू म्हणाली, "दमला आसशील. जा आता."

म्हादूला तिनं पुन्हा कधी हाक मारली नाही.