सुटली की सुट्टी झाली?

वॉर्डातल्या चादरी, कात्र्या, थर्मामीटर ड्युटी संपली की मोजून पुढच्या सिस्टरच्या ताब्यात द्यावे लागतात. किस्से मात्र कोणी मोजून घेत नाही. ते आपल्यासोबत घरी येतात, आणि नवरा म्हणतो, "जेवताना तरी दवाखाना नको!" म्हणून मग तुम्हाला सांगते. माझी बरीचशी नोकरी वाशिम जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या मेडिसिन वॉर्डात गेली. तिथं म्हातारी माणसं जास्त, त्यामुळे मरणाच्या गोष्टीही जास्त. पण खरं सांगू? मी लग्नाच्या मांडवात हसले नसेन तेवढी त्या वॉर्डात हसले आहे.

*

एकदा आम्हा सगळ्या नर्सेसना 'एथिक्स'चं ट्रेनिंग होतं. बाहेरून एक सर आले होते. पडद्यावर एकामागून एक स्लाइड. रुग्णाची स्वायत्तता, रुग्णाचं हित, रुग्णाचा सन्मान! दुपारचं जेवण झालेलं, वर एसी चालू. आमच्या इन्चार्ज, इंझोरीच्या इंगोले सिस्टर, छान पेंगत होत्या.

सरांनी नेमकं त्यांनाच उठवलं. "सांगा सिस्टर, रुग्ण शेवटच्या अवस्थेत असेल, तर अंतिम निर्णय कोणाचा?"

सिस्टर दचकून उभ्या राहिल्या. "सर, ज्याले पुण्याहून यायले सगळ्यात जास्त उशीर लागते, त्याचा!"

सगळा हॉल हसला. सर म्हणाले, "चूक. निर्णय रुग्णाचा."

"ते बराबर आहे सर," सिस्टर म्हणाल्या, "पण त्याले इचारते कोण?"

सरांनी पुढची स्लाइड लावली.

*

आमच्याकडे एक जैन काका होते. गावात कापडाचं दुकान. अर्धांगाचा झटका आलेला, गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून पोटापर्यंत नळी. त्या नळीनं थोड्या थोड्या वेळानं दूध द्यायचं, असा डॉक्टरांचा हुकूम. काका सूर्यास्तानंतर आयुष्यात कधी जेवले नव्हते. संध्याकाळ झाली, मी दूध घेऊन गेले, तर काकांनी चांगल्या हातानं नळी गच्च आवळून धरली!

मुलगा समजावतोय, "बाबा, तोंडातून नाही ना देऊन राह्यले. नळीतून चालते."

काकांची जीभ जड झालेली, पण डोकं शाबूत. म्हणाले, "दार बदललं म्हणून पाहुणा बदलते काय?"

डॉक्टर नवे होते, ते रागावले. इंगोले सिस्टर मध्ये पडल्या. "डॉक्टरसाहेब, काकायचं रातचं दूध आपण दिवसातच वाटून देऊ. दूध तेवढंच, जीव तेवढाच. मंग भांडण कायले?" डॉक्टरांनी विचार केला, काकांची साखर तपासली आणि हो म्हणाले. पुढे तर असं झालं की आभाळ भरून आलं की हेच डॉक्टर मला विचारायचे, "सिस्टर, मावळला की नाही? काकांचं व्हायचंय!"

*

रिसोडच्या बाजारात सोयाबीनची अडत असलेले एक बाबा होते. पोटाचा कॅन्सर, तोही पुढे गेलेला. दोन्ही मुलांनी मला पॅसेजमध्ये गाठलं. "सिस्टर, बाबाले सांगू नका. धसका घेतीन. अल्सर आहे म्हना." मला हे पटत नव्हतं. पण सांगायचं ते डॉक्टरांनी, म्हणून मी गप्प बसले.

संध्याकाळी इंजेक्शन द्यायला गेले, तर बाबांनी खुणेनं जवळ बोलावलं. "सिस्टर, मले कॅन्सर आहे. पन पोट्ट्यायले सांगजा नोका. घाबरतीन."

मी चाटच पडले. "बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगते कोन? वाटनीपासून दोघं भाऊ एकमेकाचं तोंड पाहत नोयते. आता एकाच डब्यात जेवून राह्यले! अल्सरनं इतकं होत नाही, सिस्टर!"

दोन्हीकडचं गुपित राखता राखता मलाच अल्सर व्हायची वेळ आली. शेवटी डॉक्टरांनी तिघांना एकत्र बसवलं. तिघेही रडले, आणि मग बाबा म्हणाले, "कळलं म्हनून डबा वेगळा करसान, तर याद राखा!"

*

आता कामरगावच्या कौसाबाई. हृदय थकलेलं, फुफ्फुसात पाणी भरायचं, सारख्या आमच्याकडे भरती. एकदा बऱ्या झाल्या आणि डॉक्टरांनी सुट्टी दिली. थोरला मुलगा गजानन त्यांच्याजवळ होता. त्यानं आनंदानं गावी फोन लावला, "माय सुटली! जीप घेऊन या!" आणि तेवढ्यात फोनची बॅटरी संपली.

आपल्याकडे म्हातारं माणूस 'सुटलं' म्हणजे काय, हे सांगायला नकोच.

जीप भरून माणसं आली. बाया गेटापासूनच गळा काढत आल्या. कौसाबाई बाहेर बाकावर केळं खात बसलेल्या. त्यांचा जीव कळवळला. केळं बाजूला ठेवून त्यांनी पहिल्या बाईला मिठीत घेतलं आणि स्वतःही रडायला लागल्या, "कोन गेलं व माय?"

ती त्यांची सख्खी नणंद होती. तिनं डोळे उघडले आणि अशी किंचाळली, की आम्हाला तिचं बीपी बघावं लागलं!

धाकटा मुलगा, प्रशांत, पुण्याहून गाडी घेऊन निघाला होता. आई जिवंत असल्याचं वाटेत कळलं, तसा परत फिरला. कौसाबाई त्याच जीपमध्ये बसून गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, "चाला, माह्या मयतीले कोन कोन येते ते समजलं!"

*

काही महिन्यांनी कौसाबाई पुन्हा आल्या. या वेळी लक्षण ठीक नव्हतं. डॉक्टरांनी मुलांना स्पष्ट सांगितलं, "अकोल्याला नेऊन व्हेंटिलेटर लावता येईल. पण बऱ्या होतील असं वाटत नाही. नाहीतर घरी न्या. त्रास होऊ नये म्हणून औषधं आणि ऑक्सिजन देतो."

गजानन म्हणाला, "माय घरी ने म्हन्ते." प्रशांत पुण्याहून आलेला. तो चिडला. "तिला असं मरायला सोडू? मशीन लावा! सगळं करा!" भावाभावांची पॅसेजमध्ये जुंपली.

इंगोले सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन मध्येच उभ्या राहिल्या आणि प्रशांतकडे वळल्या. "ज्याचा जीव, त्याले इचारलं का?"

सगळे आत गेलो. मी कौसाबाईंचा ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला. प्रशांत म्हणाला, "आई, मोठ्या दवाखान्यात नेतो. मशीन लावू."

"मशीन लावल्यावर बोलता येते?"

"नाही."

"तू बसशीन बाजूले?"

"आत बसू देत नाहीत गं. काचेतून बघता येतं."

कौसाबाईंनी थोडा दम घेतला. "मांगच्या खेपी मी मेली म्हनून निंगाला होता नं तू? जित्ती आहो समजल्यावर कुठून वापस गेला?"

प्रशांत खाली बघत पुटपुटला, "मेहकरहून."

"मेहकर!" कौसाबाई म्हणाल्या. "इतल्या जवळून?"

प्रशांत पलंगाच्या कडेला बसला आणि आईचा हात धरून लहान पोरासारखा रडला. मलाही राहवेना. मी सलाईन बघण्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"रडू नोको. घरी ने अन् चार दिवस राह्य," त्या म्हणाल्या. "अन् एक ध्यानात ठेव. फोन तूच करजो. सुटली म्हनू नोको, सुट्टी झाली म्हन. लोकं उगीच घाबरतात!"

ऑक्सिजन कसा लावायचा, आईला कुशीवर कसं वळवायचं, हे सगळं प्रशांत माझ्याकडून शिकला आणि आईला घेऊन गेला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातला फोन वाजला. मीच उचलला.

"सिस्टर, मी प्रशांत बोलतोय. कामरगावहून. आईची सुट्टी झाली."