जेवणाआधी एक

आळ्याच्या साळुबाईंनी आपल्या सुनेला औषधाच्या शिक्षणाला घातलं, तेव्हा भावकीला बोलायला विषय मिळाला आणि तो चांगला दोन-तीन वर्षं पुरला. सून अश्विनी लग्नाआधीच बी.एस्सी. झालेली, केमिस्ट्री घेऊन. पदवीवाली सून आली म्हणून मिरवून झालं होतं. आता तिनं शाळेवर लागावं नाहीतर गोठ्याला लागावं, असं लोकांचं सरळ मत. "पंधरावी झाली, आन आता गोळ्या वळायला शिकणार व्हय?" असं कोणी विचारलं की साळुबाई म्हणायच्या, "वळायला न्हाई, द्यायला. तुला दिली म्हंजी कळंल."

साळुबाईंना अक्षरओळख नव्हती. पण या हट्टामागं एक कारण होतं आणि ते त्या कुणालाही हौसेनं सांगत. एकदा त्यांचे मालक भगवंतराव तापानं फणफणले. डॉक्टरांनी दोन बाटल्या दिल्या, एक पोटात घ्यायची आणि एक छातीला चोळायची. घरी येईपर्यंत कुठली कुठली, ते साळुबाई विसरल्या. मुलगा गोरख टेम्पो घेऊन बाहेर गेलेला. शेवटी दोन्ही बाटल्या पदराखाली धरून त्या आळेफाट्यावर गेल्या आणि उभ्या एसटीच्या कंडक्टरला वाचायला लावल्या. कंडक्टर भला माणूस. चोळायच्या बाटलीला त्यानं तिकिटाचा तुकडा चिकटवून दिला आणि घंटी मारून निघून गेला. "औषध घरात आन वाचणारा यष्टीत," साळुबाई म्हणायच्या, "आसं कुटं आसतंय व्हय? वाचणारं माणूस घरातच पायजे."

वाचणारं माणूस सून होऊन घरात आलं, तसं त्यांनी ते हातचं जाऊ दिलं नाही. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच अश्विनीनं डी.फार्मसीला नाव घातलं. वर्गातली पोरं बारावी होऊन आलेली, मिसरूडही न फुटलेली. हिच्या गळ्यात मंगळसूत्र आणि हातात हिरव्या बांगड्या. पोरांनी तिला पहिल्याच दिवशी 'काकू' करून टाकलं. तिला राग आला, मग हसू आलं, आणि परीक्षेच्या आधी तीच पोरं "काकू, एवढं समजावून सांगा ना" म्हणत मागं लागली तेव्हा तिनं मनसोक्त भाव खाऊन घेतला.

दोन वर्षं सरली, पेपर सुटले. आता दुकानात उभं राहून शिकायचे तीन महिने उरले होते. ते झाल्याशिवाय फार्मासिस्ट म्हणून नाव लागत नाही. मंचरच्या बाजारपेठेत इंदरचंद शेठचं मेडिकल होतं. शेठ स्वतः जुने फार्मासिस्ट, राजस्थानातून आलेल्या जैन घराण्यातले. पण त्यांचं मराठी असं की बटाट्याच्या व्यापाऱ्यानंही कान द्यावा. त्यांनी अश्विनीला ठेवून घेतलं. पहाटेची पहिली गाडी धरून ती मंचरला जायची आणि घरी दिवेलागण होऊन गेल्यावर पोचायची. घरात दिवसभर कोण काय खातं, हे तिला सुटीच्या दिवशीच कळायचं.

दुकानातलं शिक्षण निराळंच होतं. पुस्तकात औषधाला नाव असतं. काउंटरवर मात्र "ती मधी चीर आसल्याली पांढरी द्या" असं म्हणणारी माणसं येतात. कोणी रिकामं पाकीट नाचवत येतं, कोणी शेजारणीला गुण आला म्हणून तिचीच गोळी मागतं. एकानं तर शेळीसाठी खोकल्याचं औषध मागितलं आणि शेळीचं वय विचारल्यावर तो अश्विनीवरच रुसला. शेठची एक शिस्त होती. औषध हातात दिलं की गिऱ्हाइकाला म्हणायचं, "आता तुम्ही मला सांगा, कसं घ्यायचं?" त्यानं नीट सांगितलं तरच पिशवी सोडायची. ही शिस्त अश्विनीच्या अंगात लवकर मुरली. तिला वाटायचं, एवढं केलं की चूक व्हायला जागाच राहत नाही.

दसरा झाला आणि साळुबाईंना थकवा यायला लागला. सारखी तहान, सारखं उठणं. फाट्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर निघाली. गोळी सुरू झाली. ती समजावून सांगायचा मान अर्थातच सुनेचा. अश्विनीनं सासूला ओट्यावर बसवलं आणि अगदी शेठच्या शिस्तीनं सांगितलं, "आत्या, सकाळी एक, जेवणाआधी. एक दिवस सुदिक चुकवायची न्हाई. आता तुमी सांगा."

"सकाळी येक, जेवणाआधी. चुकवायची न्हाई," साळुबाईंनी घडाघडा म्हणून दाखवलं. सुनेपुढं परीक्षा पास झाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावेना. अश्विनीलाही बरं वाटलं.

त्यानंतरची पहिलीच चतुर्थी आली. दसरा-दिवाळीच्या मधलं ते ऊन, अंगाला चावणारं. दुपार कलली होती. मंचरच्या दुकानात गर्दी ओसरली होती आणि अश्विनी खोकी लावत होती. वर बघते तर पायरीवर साळुबाई! ओझरला विघ्नहराचं दर्शन घेऊन, नारायणगावला गाडी बदलून त्या थेट मंचरला उतरल्या होत्या. काउंटरमागं उभी असलेली सून त्यांना एकदा बघायची होती.

"बघू तरी, माजी सून कशी दिसती ती," म्हणत त्यांनी पेढ्यांचा पुडा काचेवर ठेवला. अश्विनी लाजली. शेठनी उठून स्टूल पुढं केलं. साळुबाई बसल्या आणि बघतच राहिल्या. कपाटं बघितली, पंखा बघितला, सून बघितली. मग एकाएकी म्हणाल्या, "गोरख्या, म्हशीला सोड रं."

गोरख तिथं नव्हता. अश्विनीला आधी वाटलं थट्टा करतायत. मग तिनं त्यांचं कपाळ बघितलं. घाम नुसता गळत होता आणि हात थरथरत होते. हात धरला तर गार.

"आत्या, गोळी घेतली का आज?"

"घेतली ना. तू सांगितलं तशी. सकाळी येक, जेवणाआधी."

"मग जेवलात कधी?"

"आगं चतुर्थी न्हाई का आज?" साळुबाईंची जीभ जड झाली होती. "चंद्र निगाल्यावर जेवंन की."

घरात चतुर्थीला साबुदाणा व्हायचा, सगळे खायचे. साळुबाई नुसत्या पाण्यावर असतात हे तिला कधी दिसलंच नव्हतं. गोळी सकाळी पोटात गेली होती, जेवण रात्री चंद्रासोबत येणार होतं. साखर उतरून उतरून तळाला लागली होती. सासूनं सुनेचं सांगणं तंतोतंत पाळलं होतं. अश्विनीचंच विचारायचं राहिलं होतं.

शेठनी ग्लुकोजचा डबा फोडला. अश्विनीनं पाण्यात पावडर ढवळून पेला ओठांना लावला, तर साळुबाईंनी दात घट्ट मिटले. "उपास मोडंल." तिनं विनवलं, रागावली, रडकुंडीला आली, म्हातारीची मान नुसती इकडून तिकडं. शुद्ध हरपत चालली तरी हट्ट हरपत नव्हता. "मोडायचा न्हाई. ह्यो मोडायचा न्हाई."

अश्विनीचं लक्ष काचेवरच्या पुड्याकडं गेलं. तिनं तो फाडला आणि एक पेढा सासूच्या ओठांपाशी धरला.

"आत्या, ह्यो ओझरचा परसाद हाय. परसादाला न्हाई म्हणायचं नसतंय."

साळुबाईंनी अर्धवट डोळ्यांनी पेढ्याकडं बघितलं. देवाला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. तोंड उघडलं. एक पेढा गेला, दुसरा गेला. मग शेठ पेला घेऊन पुढं झाले आणि गंभीर तोंडानं म्हणाले, "मावशी, आता तीर्थ घ्या." म्हातारीनं ग्लुकोजचं पाणी तीर्थासारखं ओंजळीत मागितलं आणि ओंजळी ओंजळीनं सगळा पेला संपवला. पेल्यात तीर्थ नव्हतं हे विघ्नहराला माहीत असणार; त्यानं काही मनावर घेतलं नसावं.

थोड्या वेळानं हात थांबले, घाम वाळला. साळुबाईंनी पदर सावरला आणि विचारलं, "म्हशीचं काय म्हणत व्हते मी?"

तेव्हा अश्विनी रडली. दुकानात, गिऱ्हाइकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, खोक्यांवर बसून रडली. "शेठ, मी उद्यापासून येणार न्हाई," ती म्हणाली. "घरच्या माणसाचं ताट मला ठाऊक नव्हतं. आन मी लोकांना औषध देणार? उद्या कुणाच्या जिवाचं काय झालं म्हंजी?"

शेठनी रिकामा पेला काचेवर ठेवला. मग म्हणाले, "ताई, आमच्याकडं पर्युषणाच्या उपासात बायका दिवसेंदिवस उकळलेल्या पाण्यावर असतात. मला हे तुला पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं. माझीही चूक आहे. ती आपण दोघांनी सुधारू."

पण अश्विनीचं मन ठरलं होतं. पिशवी उचलून ती उभी राहिली आणि सासूचा हात धरून म्हणाली, "चला आत्या, घरी. झालं माजं शिक्षण."

साळुबाई स्टुलावरून हलल्याच नाहीत. "म्हंजी? सोडणार तू?"

"हो."

"आन माज्या चतुर्थ्या?" म्हातारीचा आवाज चढला. "कालेजात तुजं नाव लागलं तवापासून धरल्यात. पाण्यावर. सून सोताच्या दुकानात हुबी ऱ्हाईपत्तर, आसं बोललीया मी देवापाशी. बोलायचं नसतंय कुणाला म्हणून बोलले न्हाई. तू सोडलंस तर त्या समद्या वाया जात्याल. मंग देवाला काय सांगू, सुनेनं पिशवी उचलली म्हणून?"

अश्विनीनं पिशवी ठेवली आणि ती सासूच्या पायाशी बसली. एवढी चतुर्थी-चतुर्थीची भूक कुणीतरी तिच्या नावानं सोसत होतं आणि ती पहाटेच्या गाडीत डुलक्या काढत होती. तिनं सासूच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. सासूची बोटं तिच्या केसांतून फिरली. शेठ उगाचच मागच्या कपाटातल्या बाटल्या सारख्या करत बसले.

डोकं वर करून अश्विनी म्हणाली, "मी न्हाई सोडत. पण तुमचा उपास मला द्या. ऱ्हायलेल्या चतुर्थ्या मी धरते, पाण्यावर. घरातल्या घरात दिलेला चालतो देवाला."

साळुबाईंनी घासाघीस केली. अर्ध्या तुझ्या, अर्ध्या माझ्या, इथवर येऊन बघितलं. सून बधली नाही. शेवटी त्यांनी ओझरच्या दिशेला हात जोडले आणि उपास देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी अश्विनी पहिल्या गाडीनं मंचरला गेली. शेठच्या शिस्तीला तिनं एक प्रश्न जोडला. औषध देण्याआधी ती विचारायची, "आज उपास हाय का? कंदी सोडता?" सोमवार निघाले, एकादश्या निघाल्या, गुरुवार निघाले, कुणाच्या नवसाचं अनवाणी चालणं निघालं. कोणी कुरकुरलं, "औषध द्या राव, पंचांग कशाला?" पण विचारल्यावाचून तिनं पिशवी सोडली नाही. डॉक्टरांना फोन करून गोळीची वेळ बदलून घ्यायलाही ती शिकली.

घरी मात्र चतुर्थी आली की साळुबाईंची पंचाईत व्हायची. सून पाण्यावर आणि सासूनं भाकरी खायची! त्या ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायच्या. सुटी असली की अश्विनी मुद्दाम समोर जाऊन बसायची आणि घास मोजल्यासारखं करायची. "बघू नको गं, दिष्ट लागंल," म्हणत साळुबाई जेवायच्या.

तीन महिने झाले, मुंबईहून रजिस्ट्रेशन आलं. भांडवल जमायला आणखी वेळ गेला. अखेर दोन हजार दोन साली आळ्यात वेशीजवळ गोरखनं गाळा घेतला आणि दुकानाचा मुहूर्त चतुर्थीचा धरला. अश्विनीचा शेवटचा उपास.

सकाळी साळुबाई गोळी घेऊन, न्याहारी करून गोरखच्या टेम्पोतून ओझरला गेल्या. गोरखनं नंतर सांगितलं, आई गाभाऱ्यासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "जेवून आलीया रं बाबा. सुनेचं आयकाया लागतंय."

परत आल्या तेव्हा दुकानात भगवंतराव, मंचरहून आलेले शेठ आणि अर्धं गाव जमलं होतं. अश्विनी पांढरा कोट घालून काउंटरमागं उभी होती, उपाशी तोंडानं, ओठ सुकलेले. साळुबाई गर्दीतून पुढं सरकल्या, पेढ्यांचा पुडा काचेवर ठेवला आणि म्हणाल्या, "माजं आधी. माज्या गोळ्या दे."

"आत्या, आज जेवलात का?"

"जेवले. आता तू तोंड उगड."

"चंद्र निघू द्या की, आत्या."

साळुबाईंनी पेढा तिच्या ओठांपाशी धरला. त्यांचा हात आज जरासुद्धा थरथरत नव्हता.

"परसादाला न्हाई म्हणायचं नसतंय," त्या म्हणाल्या. "तूच शिकिवलंस."