उजेड लागलेला रोल

रोह्यात माझा फोटो स्टुडिओ होता. रोलला उजेड लागू देणं म्हणजे आमच्या धंद्यात पाप. पंच्याण्णवच्या सूर्यग्रहणाआधी मात्र मी कृष्णधवल रोल मुद्दाम भर उन्हात उघडला, डेव्हलप करून काळाकुट्ट केला आणि दुहेरी पट्ट्यांचे पुठ्ठ्याचे चष्मे बनवले. लग्नाच्या रंगीत निगेटिव्ह घेऊन आलेल्यांना सरळ हाकललं. त्यात किरण अडवणारी चांदी उरत नाही, डोळे जातील!

दिवाळीला पेणहून आलेली माझी आई ग्रहणाच्या सकाळी घरातच बसून होती. तिचं आयुष्य मिठागरात गेलेलं. "ग्रहान बगायचा नाय गो," म्हणाली. मी तिला हाताला धरून अंगणात आणलं, चष्मा दिला. तिनं तो डोळ्यांना लावून मान वर केली.

"जलमभर याच्या उनात मीठ वडला," म्हणाली. "तोंड आज बगला त्याचा."