स्टीअरिंगचा दिवा आणि अकरा फेटे: सावेडी ते सोनई

सावेडीतल्या आमच्या फाटकापासून सोनईला आक्कांच्या दारापर्यंत अंतर चाळीसेक किलोमीटर. आम्हाला ते कापायला बारा वर्षं आणि साडेसहा तास लागले. बारा वर्षांचं कारण पुढे येईलच. साडेसहा तासांचं श्रेय एका नारिंगी दिव्याला.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी नुकतीच एक जुनी जपानी जीप घेतली होती. बोटीवर नोकरी करून परतलेल्या एका गृहस्थांची. तिला पॉवर स्टीअरिंग होतं, म्हणजे चाक एका बोटाने फिरायचं, आणि अर्धी सावेडी येऊन आपापलं बोट लावून गेली होती. जीपबरोबर एक पुस्तक मिळालं. सगळं जपानीत.

"स्टीअरिंगचा दिवा लागला तर घाबरायचं नाही," गृहस्थांनी समजावलं होतं. "बॉनेटखाली एक काळी डबी आहे. तिच्या दोन भोकांत वाकडी तार घाला, दिवा लुकलुकायला लागेल. किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि पुस्तकात बघा."

"पण पुस्तक जपानीत आहे."

"आकडे इंग्रजीत आहेत आणि चित्रं आहेत. मोजता येतं ना तुम्हाला?"

मी हसून 'हो' म्हणालो. माणसाने इतक्या चटकन 'हो' म्हणू नये.

आता तात्या. तात्या म्हणजे माझे सासरे. शेवगावच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं मापाडी होते. माप ओतायचं आणि मोठ्याने मोजायचं, हाच धंदा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे आले होते आणि डोळा बरा होऊनही मुलीच्या हातच्या भाकरीवर रेंगाळले होते. सोनईच्या आक्का या त्यांच्या थोरल्या बहीण. बारा वर्षांपूर्वी आक्कांच्या मुलाच्या लग्नात नवऱ्याचा मामा म्हणून तात्यांना फेट्याचा मान होता. घरचा माणूस, म्हणून त्यांनी आधी इतर मानकऱ्यांना फेटे बांधू दिले आणि स्वतः शेवटी पाटावर बसले. फेटे संपले होते. मामाला टॉवेल-टोपी मिळाली. तात्या टॉवेल काखेत मारून, टोपी खिशात घालून न जेवता निघाले, ते बारा वर्षं बहिणीशी बोलले नाहीत.

आक्कांचे गुडघे गेले होते. त्यांनी निरोप धाडला, "मला येता येत न्हाई. त्याला म्हनावं, येकदा तोंड दाखव."

सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, आठवडाभर बापाला मनवलं. तात्या तयार झाले, पण अटींवर. "यष्टीनं यायचा न्हाई. जेवायला थांबायचा न्हाई. आन् वाटंत काय आडवं आलं, तर तिथूनच माघारी." त्यांनी मांडीवर एक कापडी पिशवी घेतली आणि तिला कोणाला हात लावू दिला नाही.

"अहो, काहीही आडवं यायला नको," सुनंदा मला बाजूला घेऊन म्हणाली. "आज माघारी फिरले तर पुन्हा निघायचे नाहीत."

सकाळी सातला निघालो. (तुम्हीही सातलाच निघा, शनिवार आणि अमावास्या टाळा. त्या दिवशी अख्खा रस्ता शिंगणापूरला निघालेला असतो.) जेऊरपर्यंत रस्ता झकास. जेऊर मागे पडलं आणि माझ्यासमोर नारिंगी दिवा लागला. चाक एका बोटाचं दोन हातांचं झालं.

"त्यो दिवा कशाचा?" तात्यांचा नवा डोळा उत्कृष्ट होता.

"गाडी गरम झाली, आता छान पळेल, असं सांगतो तो."

"मग नारिंगी कशाला? हिरवा लावायचा."

इमामपूरचा घाट मी आजवर अनेकदा पाहिला आहे, पण स्टीअरिंगला लोंबकळून पाहिला तो त्याच दिवशी. वळण आलं की सुनंदा शेजारून चाकाला हात घालायची. जात्यावर दोघी बसतात तसे आम्ही दळत दळत घाट उतरलो. त्यात बॉनेटखालून हंबरल्यासारखा आवाज येऊ लागला.

पांढरीच्या पुलावर थांबलो. भेळ चांगली मिळते, कांदा जास्त सांगा. मी बॉनेट उघडलं, डबी शोधली, तार घातली. दिवा लुकलुकू लागला आणि भेळेच्या गाडीवरची सगळी गिऱ्हाइकं काचेला नाक लावून उभी राहिली.

"चार."

"चार कुठं, नऊ झाले की. तू मधी शेव वेचत हुता."

"दोन-दोनाच्या जोड्या हायत, जोडी येक धरायची."

एका ट्रकवाल्याने सात सांगितले आणि त्यावर पैज लावायची तयारी दाखवली. सुनंदाने मोजले ते सहा की सात, तिचं तिलाच नक्की नव्हतं. तात्या मागच्या सीटवर पिशवी धरून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की एवढी माणसं एवढं वाईट मोजतात हे त्यांना सहन होत नाही. पण मोजायला ते उतरले नाहीत. माघारी फिरण्याची सोय त्यांच्या समोर लुकलुकत होती.

"तात्या, घोडेगावला मेकॅनिक आहे. तिथवर जाऊ," सुनंदा म्हणाली.

"तिथवर. म्होरं न्हाई."

घोडेगावला नेमका जनावरांचा बाजार भरला होता. आमची जीप हंबरत आत शिरली आणि रस्त्याकडेच्या दोन म्हशींनी तिला उत्तर दिलं. एका व्यापाऱ्याने आत डोकावून विचारलं, "गाभन हाय का दुभती?" तोवर शिंगणापूरच्या फाट्यावरचे तेलवाले धावत आले. गाडी नगरची म्हणजे देवाला निघालेली, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. "तेल घ्या साहेब, तिळाचं, देवाचं." चार बाटल्या खिडकीतून आत आल्या, त्या आम्ही चार वेळा बाहेर दिल्या.

फाट्याच्या पुढेच गौतम साळवे यांचं गॅरेज होतं. आयटीआय झालेला, उसाच्या ट्रॅक्टरांची कामं करणारा, कमी बोलणारा माणूस. आमच्या आधी दोन ट्रॅक्टर उभे होते, त्यामुळे आमचा नंबर लागायला साडेबारा वाजले. पुस्तकाचं तेच पान त्यांनी दोनदा पाहिलं. एक ते आठ आकडे, प्रत्येकापुढे जपानी ओळ आणि बारीक चित्र.

"मी तार धरतो. मला हितून दिवा दिसत न्हाई. येकानं बसून मोजायचं, मोठ्यानं. येकानंच," ते म्हणाले.

मी बसायला गेलो. तात्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी सरका, जावईबापू. तुमाला जमायचं न्हाई."

चाळीस वर्षांचा मापाडी ड्रायव्हरच्या सीटवर बसला. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि यार्डातला आवाज लावला. "लाभ... दोन... तीन... चार... पाच... सहा."

साळवे एका हाताने तार धरून दुसऱ्या हातातल्या खडूने मडगार्डवर दांड्या मारत होते. मोजून झालं. त्यांनी दांड्या पाहिल्या, पुस्तक पाहिलं आणि मान हलवली. "पाच नंबर. डबीचं चित्र हाय. कम्प्युटर गेला. त्यो जपानातच मिळंल."

तात्या सीटवरून उतरले. "चला. माघारी."

सुनंदाचे डोळे भरले. आणि तेवढ्यात तात्यांची नजर मडगार्डवर गेली.

"ह्या पाच कशा? सहा म्हनलो मी."

"दांड्या पाचच हायत. म्हनल्याबरूबर मारल्यात."

"लाभाची कुठं हाय?"

"त्ये तुमी पहिल्यांदा देवाचं काय तरी म्हनला. ते मी कशाला धरू? आमच्यात देवाचं नाव घिऊन मोजायची रीत न्हाई."

"देवाचं न्हाई, मर्दा," तात्या म्हणाले. "पहिल्या मापाला येक म्हनत न्हाईत. लाभ म्हनत्यात. लाभ म्हंजी येक. अख्खं शेवगाव असंच मोजतं."

साळवेंनी शांतपणे आणखी एक दांडी मारली. मी मात्र त्या सहाव्या दांडीकडे बघतच राहिलो होतो. कारण मला लग्नाच्या आदल्या दिवशीची आक्कांची पडवी दिसायला लागली होती. तात्या मोठ्याने मानकरी मोजत होते, आणि शहरातला शिकलेला जावई म्हणून दुकानात द्यायची फेट्यांची चिठ्ठी माझ्या हातात होती. पत्रिकेच्या पाठीवर मी दांड्या मारल्या होत्या. पहिल्या शब्दाला मीसुद्धा दांडी मारली नव्हती. शुभ बोलतायत, बोलू द्यावं, असं वाटलं होतं.

"सहा नंबर," साळवे म्हणाले. "भांड्याचं चित्र हाय. तेल कमी झालंय, बस."

पाइपाची क्लिप सैल होऊन तेल ठिबकत होतं. क्लिप आवळायला दोन मिनिटं लागली. तेल हवं हा शब्द बाहेर गेल्याबरोबर तेलवाले पुन्हा हजर. तात्यांनी एक बाटली हातात घेऊन विचारलं, "ह्ये चालंल का?"

"देवाला चालंल," साळवे म्हणाले आणि ट्रॅक्टरचं लाल तेल आणायला आत गेले. तेल भरलं, दिवा विझला. मजुरी विचारली तर म्हणाले, "तेलाचं द्या. मोजन्यात माझी बी चूक हुती."

घोडेगाव ते सोनई गाडी एका बोटाने चालली. त्या न मारलेल्या दांडीबद्दल गप्प राहिलो असतो तर कोणालाही कळलं नसतं. बारा वर्षं नव्हतंच कळलं. त्या घरात माझी एकच किंमत होती, जावई शिकलेला आहे.

दीडच्या सुमाराला पोचलो. आक्का ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या.

"आलास, किसन?"

तात्या ओट्याच्या कडेला टेकले. पिशवीतून टॉवेलची घडी काढली, तिच्यावर एक पांढरी टोपी ठेवली आणि दोन्ही वस्तू आक्कांपुढे सरकवल्या. घडी अजून दुकानातली होती. "ह्ये परत द्यायला आलो. चाललो."

"मी काय मुद्दाम केलं व्हय?" आक्कांचा आवाज चढला. "तू मापाडी, तूच मोजलं. अकरा आले दुकानातून."

"मी बारा मोजले. येक तू दडवला. तुझ्या दिराला दोन बांधले."

"माझा दीर काय दोन टाळक्यांचा हाय?"

तात्या उठले. सुनंदा माझ्याकडे बघत होती. का कोण जाणे, पण तिला माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं होतं.

"दांड्या मी मारल्या होत्या," मी म्हणालो. "लाभाची मारली नव्हती."

भावाने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने भावाकडे. मग दोघांनी मिळून माझ्याकडे.

"शिकलेला हाय म्हनून चिठ्ठी त्याच्या हाती दिली हुती मी," आक्का हळूच म्हणाल्या.

"मी तवाच म्हनलो हुतो, ह्याच्या हाती देऊ नगं."

"न्हाई म्हनलास."

"मनात म्हनलो हुतो."

तात्या पुन्हा खाली बसले. जेवायला थांबणार नव्हते, ते चार भाकऱ्या खाऊन उठले. शेंगदाण्याचं म्हाद्या, म्हणजे दाट आमटी, आणि ज्वारीची भाकरी, आजही तोंडाला चव आहे. जेवताना विषय एकच होता, मी. बारा वर्षांचं साठलेलं बोलणं त्यांनी माझ्यावर खर्च केलं आणि दोघांचेही चेहरे उजळत गेले. निघताना आक्कांनी आतली ट्रंक उघडवली. गुलाबी फेटा, बारावा, लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात घेऊन ठेवलेला. तात्यांनी तो तिथेच बांधून घेतला.

"आन् ही टोपी?" सुनंदाने विचारलं.

"ती जावईबापूंना घाला," तात्या म्हणाले. "मान हाय त्यांचा."

परतीचा प्रवास तासाभरात झाला. मागच्या सीटवर फेट्याचा शेमला वाऱ्यावर उडत होता आणि पुढे मी पांढऱ्या टोपीत गाडी चालवत होतो. घाटात एकदाही दिवा लागला नाही. उलट फाटकाशी आल्यावर तात्यांनीच हळहळून विचारलं, "आज पुन्यांदा न्हाई का लागायचा त्यो?"

त्यानंतर ते दर महिन्याला सोनईला जाऊ लागले. यष्टीने. जीप पुढे विकली, पुस्तक तिच्याबरोबर गेलं. टोपी माझ्याकडे आहे. टॉवेल सुनंदाने वापरात काढला. आणि धोब्याला कपडे देताना मी आजही पहिल्या शर्टाला 'लाभ' म्हणतो, चिठ्ठीवर एक दांडी मारतो, ती नीट उमटली का ते बघतो, आणि मगच दोन म्हणतो.