चेहऱ्याचा करडा

आमच्या दिवाणखान्यात परवा सुमनचा, म्हणजे माझ्या बायकोचा, कृष्णधवल फोटो लागला. तो शेजारच्या देसाईंनी काढलाय, गच्चीवर ती पापड वाळत घालत असताना, बोलता बोलता. बावीस वर्षांत मी तिचे तीनशेच्या वर फोटो काढले, प्रत्येकाच्या उजेडाचं माप वहीत लिहिलं. त्यातला एकही तिने भिंतीवर लावू दिला नाही.

देसाईंच्या फोटोत शुभ्र आहेत त्या फक्त मोत्याची कुडी आणि कानाजवळची पिकलेली बट. चेहरा ओल्या पाटीसारखा गडद करडा, तरी डोळ्यांखालची रेघ न् रेघ दिसते. हा करडा मला कधीच साधला नाही. हेवा वाटतो, लपवत नाही.

"चेहरा जरा काळा आलाय," मी म्हणालो.

"आला नाही, आहेच. तुमच्या फोटोंत मी दर वेळी पीठ लावून बसलेली असते."

मी वही उघडली. पहिल्या पानापासून प्रत्येक फोटोपुढे माझ्याच अक्षरात एक ओळ होती: चेहरा थोडा उजळ केला.

माप चुकलं नव्हतं. मला ती आहे तशी चालत नव्हती, आणि देसाईंना पहिल्याच फोटोत चालली.