सातव्या मजल्यावरचा वारा

एसीच्या फिल्टरवर धूळ साचते तसे आमच्या ऑफिसात किस्से साचतात. फरक एवढाच, की फिल्टर आम्ही अधूनमधून धुतो! ऑफिस सिंगापूरच्या रॅफल्स प्लेसला, काम इमारतींमध्ये हवा खेळती ठेवण्याचं, आणि आमच्या टीमच्या प्रमुख साधनाताई. मूळच्या पुण्याच्या, आता इथल्या सिटिझन. मला त्यांचा भारी अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकतो.

* * *

गंमत म्हणजे आमच्याच ऑफिसचा एसी बिल्डिंगवाल्यांच्या हातात. तो इतका गार, की ताई वर्षभर शाल पांघरून बसतात.

बॉस मिस्टर टॅन चिडवतात, "ताई, व्हेंटिलेशन एक्स्पर्ट वेअरिंग शॉल, कॅनॉट लाह!"

"सर, एसी माझ्या हातात द्या, शाल घरी ठेवते!"

* * *

उत्तर युरोपातल्या एका शहरातून काम आलं. तिथले फ्लॅट थंडीसाठी बांधलेले, थर्मासच म्हणा ना! आता उन्हाळे तापायला लागले आणि आत शिरलेली उष्णता बाहेर पडेना. सातव्या मजल्यावरच्या एक आजी तर दुपारभर जिन्यात खुर्ची टाकून बसायच्या.

तिथला इंजिनिअर लार्स पहिल्याच कॉलवर म्हणाला, "आमच्या हवामानातलं तुम्हाला काय कळणार?"

ताई म्हणाल्या, "थंडीचं आम्ही तुम्हाला विचारू. उकाड्याचं तुम्ही आम्हाला विचारा!"

ठरलं. आजींची इमारत ट्रायलला घ्यायची. एसीशिवाय उन्हाळा निभला तर बाकीच्या इमारतीही आमच्या. नाहीतर घरोघरी एसी लागणार आणि आम्ही घरी! ताईंनी शब्द दिला.

* * *

लार्स सिंगापूरला आला. ताईंनी त्याला थेट पासिर रिसच्या आपल्या फ्लॅटवर नेलं, वारा कसा वाहतो ते दाखवायला स्वयंपाकघराच्या खिडकीत उदबत्ती लावली. धूर हॉल ओलांडून दाराच्या जाळीतून कॉरिडॉरमध्ये निघाला. त्याच्या मागोमाग लार्सही निघाला!

शेजारच्या चिनी आंटी बाहेर आल्या. "टुडे व्हॉट फेस्टिव्हल?"

"आई, सो एम्बॅरसिंग लाह!" ताईंची लेक आतून ओरडली.

जाताना लार्सने उदबत्तीचा पुडा मागून नेला.

* * *

एक घोळ मात्र मीच घातला. ऊन अडवायला ड्रॉइंगमध्ये खिडक्यांवर छज्जे दाखवले, अगदी इथल्यासारखे आडवे. इथे सूर्य डोक्यावर असतो. तिकडे उन्हाळ्यात तो लांबलचक संध्याकाळभर तिरपा, छज्ज्याखालून सरळ दिवाणखान्यात!

ड्रॉइंग पाठवल्यावर ताईंच्या लक्षात आलं. मला वाटलं, आता गेली नोकरी. त्यांनी लार्सला फोन लावला. "चूक माझ्या टीमची. खिडकीबाहेर खाली सोडता येणारे पडदे हवेत. सुधारलेलं ड्रॉइंग आजच पाठवते."

फोन ठेवून मला म्हणाल्या, "मंदार, होकायंत्र घे एक. बिल मला दे."

* * *

समोरासमोर झडपा बसल्या, जिन्याच्या माथ्यावर गरम हवेसाठी झरोका झाला आणि तिकडे कडक उन्हाळा सुरू झाला. ताई रोज तिथलं तापमान बघायच्या, डबा तसाच परत न्यायच्या.

एका सकाळी लार्सने एक पत्र भाषांतर करून पाठवलं. टॅननी मेल उघडली आणि त्यांचा चेहराच पडला. "कम्प्लेंट! सेव्हन्थ फ्लोअर, दॅट ओल्ड लेडी!"

ताई म्हणाल्या, "वाचा."

टॅननी वाचलं, "दुपारी घरात वारा फार येतो. बाहेर एवढं ऊन, आणि मला घरात थंडी वाजते. कृपया बंदोबस्त करावा."

ताई उठल्या. खांद्यावरची शाल काढली, नीट घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"मंदार, पत्ता लिहून घे. सातवा मजला!"