होडीच्या नावाचा पासवर्ड

आमच्या पूर्णगडच्या घरातल्या वायफायचा पासवर्ड म्हणजे बाबांच्या होडीचं नाव, आणि होडीचं नाव म्हणजे आईचं. आई गेली तरी दोन्ही तसंच चालू राहिलं. यंदा बाबांचे गुडघे गेले आणि त्यांनी होडी विकली. त्यातच राऊटर बिघडला म्हणून मी नवा बसवला. पासवर्ड मुद्दाम तोच ठेवला.

माझा फोन लगेच जोडला गेला. बाबांचा जुना लॅपटॉप मात्र अडून बसला. रोज संध्याकाळी त्यावर उद्याचा वारा बघायचा, ही त्यांची सवय होडी गेल्यावरही सुटली नव्हती. ओटीवर बसून ते एका बोटाने आईचं नाव टाइप करायचे आणि पडद्यावर यायचं, जोडता येत नाही. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, स्पेलिंग नीट बघा. मग त्यांनी नादच सोडला. एकदा जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "विकली ना मी तिला. आता तिचा नाव कसा चालायचा?"

उभा जन्म समुद्रावर काढलेला माणूस, आणि हे मनाला लावून घेतो? डोकं फिरलं माझं. त्यांच्यावर की त्या यंत्रावर, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन रत्नागिरी गाठली. दुरुस्तीवाला म्हणाला, पासवर्ड बरोबर आहे, आतलं वायफायचं कार्ड जुनं आहे. नव्या राऊटरचं एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डामागचं कुलूप, नव्या पद्धतीचं. या कार्डाला ते कळतच नाही. राऊटरवर जुन्या पद्धतीचं लावता येईल, पण ते कच्चं, कुणीही फोडेल. त्यापेक्षा बाहेरून यूएसबीचं नवं कार्ड लावा. मी लावून घेतलं.

घरी येऊन बाबांना सगळं समजावलं. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत नाव टाइप केलं. या वेळी लागलं. मी वाऱ्याचं पान उघडायला पुढे झाले, तर त्यांनी हळूच लॅपटॉप मिटला. वारा नाही का बघायचा, मी विचारलं.

"वारा कशाला आता? ती रागावलेली नाय, येवढाच बघायचा होता."

लॅपटॉप तेव्हापासून कपाटात आहे. संध्याकाळी बाबा ओटीवर नुसतेच बसून असतात.